तुमचे प्रश्न : सुई मेंदूपर्यंत पोचली, पुढे काय?

गेल्या अंकात पक्षाघाताच्या प्राण्यांवरील प्रयोगांबद्दल चार ओळी ओझरत्या आल्या आणि टपाल एकदम वाढलं. या वेळी फक्त त्याच पत्रांना उत्तरं देते आहे. नव्या वाचकांसाठी सांगते, मी औषधशास्त्रातली डॉक्टर आहे, रुग्ण तपासत नाही. एकोणीस वर्षं प्रयोगशाळेत रॅटच्या मेंदूत थेट औषध सोडण्याचं काम केलं, आता फार्मसीच्या मुलांना शिकवते. मराठीत आपण रॅट आणि माऊस दोघांनाही उंदीर म्हणतो. खाली जिथे फरक महत्त्वाचा आहे तिथे वेगळी नावं वापरली आहेत.

प्रश्न : बाई, माझ्या धाकट्या भावाच्या अंगावरून आठ महिन्यांपूर्वी वारं गेलं. वय ४७. उजवा हात उचलत नाही, बोलणं अडखळतं. मोबाइलवर बातमी आली की अमेरिकेत उंदराच्या मेंदूत थेट जेल भरलं आणि मेलेला भाग परत जिवंत झाला. आपल्याकडे हे कुठे होतं? दुसरं असं की एके ठिकाणी पाठीच्या कण्यातून स्टेम सेल सोडतात, खर्च फार आहे. आम्ही शेताचा तुकडा विकायला तयार आहोत. — एक बहीण, तासगाव

उत्तर : ताई, आधी शेवटच्या वाक्याचं उत्तर. शेत विकू नका. बाकीचं सविस्तर सांगते, कारण ‘का नको’ हे तुम्हाला घरातल्या मोठ्यांनाही पटवून देता आलं पाहिजे.

औषध थेट मेंदूतच का सोडायचं, गोळी किंवा सलाईन का नाही, इथून सुरुवात करू. १९०९ साली एडविन गोल्डमान या जर्मन शल्यविशारदाने प्राण्याच्या शिरेत निळा रंग टोचला. सगळं शरीर निळं झालं, मेंदू मात्र पांढराच राहिला. मग १९१३ साली त्याने तोच रंग मेंदूभोवतीच्या पाण्यात सोडला. आता मेंदू निळा झाला आणि बाकीचं शरीर कोरं राहिलं. मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींत पेशी एकमेकींना इतक्या घट्ट जोडलेल्या असतात की रक्तातली बहुतेक औषधं पलीकडे जातच नाहीत. पक्षाघाताच्या झटक्यानंतर ही भिंत काही काळ फुटते, पण कधी, कुठे आणि किती, हे आपल्या हातात नसतं. म्हणून आम्ही कवटीला बारीक भोक पाडून आतच जातो.

तुम्ही वाचलेली बातमी बहुधा लॉस एंजेलिसच्या कामाची आहे. तिथे तात्याना सेगुरा आणि थॉमस कारमायकेल यांच्या गटाने ते २०१८ साली प्रसिद्ध केलं. झटक्यात मेंदूचा जो भाग मरतो तो शरीर हळूहळू साफ करतं आणि तिथे पोकळी उरते. त्या पोकळीत त्यांनी हायल्युरोनिक आम्लाचं जेल भरलं. रक्तवाहिन्या वाढवणारं व्हीईजीएफ हे प्रथिन त्यात बारीक कणांना बांधून ठेवलं होतं. ते बांधणं महत्त्वाचं, कारण हेच प्रथिन झटक्यानंतर लगेच शिरेतून मोकळं दिलं तर रक्तवाहिन्या पाझरायला लागतात, हे आधी रॅटमध्ये दिसलं होतं. जेलमध्ये ते जागच्या जागी राहिलं. काही आठवड्यांनी पोकळीत नव्या रक्तवाहिन्या आल्या, त्यांच्या सोबतीने चेतातंतू आले आणि माऊसच्या हालचालीत सुधारणा दिसली. मला या कामाचं मनापासून कौतुक वाटतं. औषधाला जागा करून देण्यासाठी त्यांना चांगला मेंदू बाजूला ढकलावा लागला नाही, आधीच रिकामी झालेली जागा त्यांनी वापरली. पण ‘मेलेला भाग जिवंत झाला’ हे बातमीदाराचं वाक्य आहे. मेलेल्या पेशी उठत नाहीत. शेजारच्या जिवंत भागातून नवी वाढ आत सरकली.

आता तुमच्या भावाचा विचार करू. माऊसचा मेंदू अर्ध्या ग्रॅमपेक्षा हलका, माणसाचा तेराशे-चौदाशे ग्रॅम. माऊसच्या पोकळीत जेलचा थेंबसुद्धा लागत नाही. माणसाची पोकळी लिंबाएवढी असू शकते. औषध मेंदूत पाझरत पुढे जातं तेव्हा अंतर दहापट झालं तर वेळ साधारण शंभरपट लागतो. उंदराच्या कवटीखालून तीन मिलिमीटर गेलं की मेंदूचा बाहेरचा थर ओलांडून होतो. माणसात त्याच प्रकारच्या जागा काही सेंटिमीटर खोल असतात. तिथे पोचायच्या आत औषध विघटित होतं किंवा वाहून जातं.

हा नुसता हिशेब नाही, माणसांनी त्याची किंमत मोजली आहे. पार्किन्सनसाठी जीडीएनएफ नावाचं प्रथिन प्राण्यांत फार आशादायक ठरलं होतं. रुग्णांत ते मेंदूच्या पाण्याच्या पोकळीत नळीने सोडलं, तेव्हा मळमळ झाली, वजन उतरलं, आजारात मात्र सुधारणा दिसली नाही. ते निकाल २००३ साली आले. औषध पाण्यात होतं, जिथे हवं होतं त्या खोल गाभ्यात ते पुरेसं शिरलंच नाही.

पक्षाघातात पेशी थेट मेंदूत टोचण्याचे प्रयोग माणसांवर झाले आहेत. ग्लासगोमध्ये ११ पुरुषांच्या मेंदूत, झटक्यानंतर सहा महिने ते पाच वर्षांच्या काळात, प्रयोगशाळेत वाढवलेल्या चेतासंस्थेच्या स्टेम सेल, म्हणजे ज्यांतून पुढे चेतापेशी तयार होतात अशा मूळ पेशी, सुईने सोडल्या. अहवाल २०१६ साली आला. पेशींमुळे इजा झाली नाही, काहींत थोडी सुधारणा दिसली, पण तुलनेला दुसरा गट नव्हता. त्यानंतर अमेरिकेत सॅनबायो कंपनीच्या पेशींची चाचणी झाली, १६३ रुग्णांवर, आणि तिथे तुलनेच्या गटाला पेशींशिवाय नुसती खोटी शस्त्रक्रिया केली होती. २०१९ च्या सुरुवातीला निकाल जाहीर झाला. मुख्य कसोटीवर दोन्ही गटांत फरक निघाला नाही. ज्यांच्या मेंदूत एकही पेशी गेली नाही अशी माणसंही सुधारली होती. ताई, हे वाक्य कृपा करून घरी दोनदा वाचून दाखवा.

कण्यातून स्टेम सेल सोडणारी मंडळी तुम्हाला सुधारलेल्या रुग्णांचे व्हिडिओ दाखवतील. ते खरेही असतील. आठ महिन्यांनी, वर्षाने, माणसं व्यायामाने सुधारत राहतात. आपल्याच देशात पाच केंद्रांत १२० रुग्णांवर अस्थिमज्जेतल्या पेशी शिरेतून देऊन पाहिल्या. निकाल २०१४ साली प्रसिद्ध झाला, फायदा दिसला नाही. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पक्षाघातासाठी स्टेम सेल हा संशोधनाचा विषय आहे, उपचार नाही. संशोधनात भाग घेणाऱ्या रुग्णाकडून त्या पेशींचे पैसे घ्यायचे नसतात. जिथे पैसे मागतात तिथून उठून या.

मग करायचं काय? झुरिचमध्ये मार्टिन श्वाब यांच्या गटाने २०१४ साली केलेला एक प्रयोग मला इथे सांगावासा वाटतो. चेतातंतूंची वाढ रोखणारं नोगो-ए नावाचं प्रथिन मेंदूत असतं. झटका आलेल्या रॅटना त्यांनी त्या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडं कण्यातल्या पाण्यात दिली आणि पंजाने दाणा उचलण्याचा सरावही करून घेतला. आधी औषध आणि मग सराव, असं केलेल्या प्राण्यांचं कसब जवळजवळ पहिल्यासारखं परत आलं. औषध आणि सराव एकाच वेळी दिलेल्यांचं काम बिघडलं, कारण तंतू वाढले पण भलतीकडे गेले. तेच औषध, तोच सराव, फक्त क्रम वेगळा. ते प्रतिपिंड पक्षाघाताचं औषध म्हणून बाजारात नाही. सराव मात्र तुमच्या हातात आहे. भावासाठी फिजिओथेरपिस्ट आणि स्पीच थेरपिस्ट दोन्ही शोधा, महिन्यातून एकदा तरी प्रत्यक्ष दाखवा आणि मधल्या दिवसांत घरी करून घ्या. उजव्या हातात वाटी, चमचा, कपड्यांचा चिमटा असं काहीतरी रोज द्या. डाव्या हाताने पटकन होतं म्हणून डाव्यालाच करू देऊ नका. रक्तदाबाची गोळी एक दिवसही चुकवू नका. शेत राहू द्या, पुढचे काही महिने थेरपीच्या फेऱ्यांना पैसे लागणार आहेत.

प्रश्न : मॅडम, मी एम. फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. रॅटमध्ये एमसीएओ करून मेंदूच्या पोकळीत, म्हणजे आयसीव्ही मार्गाने, औषध देणार आहे. जनावरं कमी आहेत म्हणून कंट्रोल गटाला फक्त एमसीएओ करून, सुई न टोचता ठेवावं असं ठरतंय. चालेल का? — विद्यार्थी, नांदेड

उत्तर : नाही चालणार. आणि तू विचारलंस याचा मला आनंद झाला, कारण बरेच जण प्रबंधाच्या तोंडी परीक्षेच्या दिवशी हा प्रश्न पहिल्यांदा ऐकतात.

इतर वाचकांसाठी दोन ओळी. कंट्रोल गट म्हणजे तुलनेसाठी औषध न देता ठेवलेले प्राणी. एमसीएओ म्हणजे मेंदूची मधली मुख्य धमनी बंद करणं. मानेतल्या धमनीतून टोक गोल केलेला नायलॉनचा धागा वर सरकवतात. १९८९ साली लोंगा आणि सहकाऱ्यांनी ही पद्धत नीट मांडली, तेव्हापासून जगभर ती वापरतात. कवटी उघडावी लागत नाही, हाच तिचा मोठा फायदा. आणि मग आपण औषध सोडण्यासाठी कवटीला भोक पाडतो!

सुई निष्पाप नसते. १९४४ साली लेआओ या ब्राझिलियन शास्त्रज्ञाने सशाच्या मेंदूवर दाखवलं की एका जागी डिवचल्यावर विद्युत क्रिया मंदावत जाते आणि ती लाट मेंदूच्या पृष्ठभागावरून मिनिटाला काही मिलिमीटर या वेगाने पसरते. नुसत्या सुईच्या टोचण्यानेही अशी लाट उठू शकते. झटक्याच्या काही दिवस आधी अशा लाटा येऊन गेल्या तर मेंदू पुढचा झटका जास्त सोसतो, आणि झटका चालू असताना आल्या तर इजा वाढते. म्हणजे तुझ्या औषधाच्या गटात आणि कंट्रोल गटात औषध सोडून आणखी एक फरक आधीच पडला. निकाल काही आला तरी तो औषधाचा की टोचण्याचा, सांगता येणार नाही. कंट्रोल गटाला तीच सुई, तेवढीच खोली, तेवढंच द्रावण, त्याच वेगाने दे. द्रावणात डीएमएसओ (औषध विरघळवायला वापरतात ते द्रव) असेल तर तेही तेवढंच, कारण डीएमएसओचा स्वतःचा परिणाम असतो. आकारमान ठरवताना रॅटच्या मेंदूभोवती सगळं मिळून पाणी पाव मिलिलिटरच्या आसपास आहे हे डोक्यात ठेव. माणसाच्या हिशेबाने विचार केलास तर फसशील, आपल्याकडे ते सुमारे दीडशे मिलिलिटर असतं.

आता माझी एक चूक सांगते. मी नवी होते. ब्रेग्मापासून (कवटीच्या वरच्या बाजूला हाडांचे सांधे मिळतात त्या खुणेपासून) मागे जेमतेम १ मिलिमीटर, बाजूला दीड, कवटीखाली साडेतीन ते चार, हे आकडे पाठ होते आणि हात स्थिर होता, त्यामुळे आपलं काम चोख आहे अशी माझी खात्री होती. हॅमिल्टन सिरिंजने (अगदी बारीक मापाच्या पिचकारीने) ५ मायक्रोलिटर सोडायचे, म्हणजे एका थेंबाचा दहावा हिस्सा, आणि सुई काढायची. पाच आठवडे असं चाललं. निकाल कधी झकास, कधी शून्य. आमच्या प्रयोगशाळेतले एक जुने तंत्रज्ञ काका माझ्यामागे उभे राहून बघत होते. ते म्हणाले, “बाई, भरलेल्या बाटलीचं बूच ओढल्यासारखी सुई काढताय.” त्या दिवशी मी औषधाऐवजी निळा रंग सोडून पाहिला आणि मेंदू कापला. अर्धाअधिक रंग सुईच्या वाटेने वर येऊन पृष्ठभागावर पसरला होता. पोकळीत थोडासाच होता. त्या २८ जनावरांची सगळी नोंद मी बाजूला काढली. त्यातला एक आकडाही कधी वापरला नाही.

तेव्हापासून माझी रीत अशी: मिनिटाला १ मायक्रोलिटर, त्याहून घाई नाही. संपल्यावर सुई तशीच ठेवून दहा मिनिटं घड्याळ लावून बसायचं. मग अर्धा मिलिमीटर वर, पुन्हा थांबायचं, मग पूर्ण बाहेर. आणि दर तुकडीत एका प्राण्यात रंग सोडून पोकळी निळी झाली का, हे बघायचं. भोक पाडताना ड्रिलवर सलाईनचे थेंब टाकत राहा, नाहीतर हाडाखालचा मेंदू भाजतो.

तापमानाचं तर मी परीक्षेत हमखास विचारते. एमके-८०१ नावाच्या औषधाने झटक्यातून मेंदू वाचतो असं ऐंशीच्या दशकात बऱ्याच ठिकाणी दिसलं. १९९० साली ब्युकन आणि पुलसिनेली यांनी जर्बिल या उंदरासारख्या प्राण्यावर काम करून दाखवलं की औषधाने प्राणी थंड पडत होते आणि मेंदू वाचवत होती ती थंडी. प्राण्यांना उबदार ठेवल्यावर तो फायदा गेला. भूल दिल्यापासून पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत गरम पॅड ठेव आणि तापमान वहीत लिही. शुद्धीवर येण्याच्या तासाभरात जास्त चुका होतात, कारण तेव्हा आपण चहाला गेलेलो असतो.

शेवटी टीटीसी नावाच्या रसायनात बुडवलेल्या मेंदूच्या चकत्या मोजशील, जिवंत भाग लाल आणि मेलेला पांढरा, तेव्हा कोणता प्राणी कोणत्या गटातला हे तुला माहीत असता कामा नये. चिठ्ठ्या मैत्रिणीकडे दे.

प्रश्न : आमच्याकडे नस्य करण्याची पद्धत आहे. नाकातून औषध थेट मेंदूत जातं असं आता पाश्चात्त्य शास्त्रज्ञही म्हणतात हे खरं का? झटका आल्यावर लगेच नाकात तूप घालावं का? — एक आजोबा, संगमेश्वर

उत्तर : आजोबा, पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी. वाट आहे, हे खरं. वास ओळखणाऱ्या नसा नाकाच्या छतातून हाडाच्या चाळणीतून वर मेंदूकडे जातात, आणि त्यांच्या कडेने काही रेणू सरकतात. अमेरिकेत मिनेसोटामध्ये विल्यम फ्रे यांनी या वाटेवर वर्षानुवर्षं काम केलं. २००१ साली त्यांच्या गटाने झटका आलेल्या रॅटच्या नाकात आयजीएफ-१ या प्रथिनाचे थेंब सोडून मेंदूतली इजा कमी झाल्याचं दाखवलं. भोक नाही, सुई नाही. म्हणून मला हा मार्ग फार आवडतो. पण रॅटच्या नाकाचं साधारण अर्धं अस्तर वास घेण्याचं असतं. माणसात ते वरच्या कोपऱ्यातला लहानसा तुकडा असतं, दहाव्या हिश्श्याहूनही कमी. त्यातून फवारा नेमका तिथे पोचवणं कठीण. शिवाय ते विशिष्ट प्रथिन होतं, तूप नव्हे. त्या प्रयोगांवरून नस्याबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

दुसऱ्याचं उत्तर : नाही, अजिबात नाही. झटक्यात गिळण्याची ताकद जाते. नाकातोंडात घातलेलं तूप, पाणी, चहा, काहीही फुप्फुसात जाऊ शकतं. २००३ साली माझ्या आईचं तोंड वाकडं झालं तेव्हा गावी सगळ्यांनी मायेनेच तिच्या तळपायाला तेल चोळलं, नाकात तूप सोडलं, थोडं बरं वाटेल म्हणून वाट पाहिली. ती हॉस्पिटलात पोचली तेव्हा सात तास झाले होते. पुढे तिला न्यूमोनियाही झाला. मी त्या आठवड्यात प्रयोगशाळेत रॅटना झटक्यानंतर किती मिनिटांनी औषध द्यायचं याचा तक्ता करत होते.

गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि जितकं लवकर तितकं चांगलं. मोठ्या धमनीतली गुठळी तारेने काढण्याची सोय असेल तर निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंतही वेळ असतो. तोंड वाकडं, हात खाली पडतो, बोलणं जडावतं, यातलं एक जरी दिसलं तरी १०८ लावा, शेवटचं ठीक कधी होतं ती वेळ लिहून ठेवा आणि सीटी स्कॅन असलेल्या हॉस्पिटलातच न्या. तूप डब्यातच राहू द्या.

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. तुमचा लेख वाचून तिने विचारलं, “त्या उंदरांना दुखत नाही का?” मला उत्तर देता आलं नाही. — एक आई, डोंबिवली

उत्तर : तिला सांगा, दुखतं. मेंदूच्या आतल्या भागाला वेदना कळत नाही, पण कातडी, हाड आणि मेंदूवरच्या आवरणाला कळते. म्हणून पूर्ण भूल देतात, कापायच्या जागी बधिर करणारं औषध टोचतात आणि नंतर वेदनाशामक देतात. आपल्याकडे १९६० चा प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे, आणि संस्थेच्या नैतिकता समितीने मान्यता दिल्याशिवाय एकाही प्राण्याला हात लावता येत नाही. किती प्राणी आणि का तितकेच, हे लिहून द्यावं लागतं.

पण तिचा प्रश्न याहून मोठा आहे. २००६ साली एका गटाने मोजदाद केली : पक्षाघातावर १,०२६ उपाय प्रयोगशाळांत तपासले गेले होते आणि त्यातले ११४ माणसांपर्यंत पोचले होते. त्या यादीतलं माणसांत उपयोगी ठरलेलं एक औषध म्हणजे गुठळी विरघळवणारं तेच इंजेक्शन, आणि १९८५ साली सशांवर त्याचा परिणाम दिसला होता, हे मी विसरत नाही. उरलेल्यांत काही औषधं खरोखरच कुचकामी होती. पण कित्येक प्रयोगांत तुलनेचा गटच नीट नव्हता, किंवा औषध झटक्याच्या आधीच दिलेलं होतं, जे कुठल्याही माणसाला कधी मिळणार नाही. ते प्राणी फुकट गेले. माझे ते २८ सुद्धा त्यांतच.

शस्त्रक्रियेनंतर रॅटचा एक पंजा लुळा असतो, त्याला मागच्या पायांवर उभं राहून पिंजऱ्याच्या जाळीवरचं खाद्य काढता येत नाही. म्हणून खाद्य पाण्यात भिजवून, मऊ करून, खाली बशीत ठेवायचं असतं आणि पाण्याच्या बाटलीची नळी लांब लावायची असते. पहिले तीन दिवस रोज वजन करायचं, कमी भरलं तर कातडीखाली सलाईन द्यायचं. रात्री नऊच्या सुमारास मी एक फेरी मारायचे. बहुतेक जण कोपऱ्यात कागदाच्या पट्ट्यांत शिरून झोपलेले असत. एखादा बशीशी असे, चांगल्या पंजाने भिजलेला तुकडा धरून, सावकाश खात.